ईएफटी की सीबीटी? नवरा-बायकोनं कुठली थेरपी घ्यावी

तुमचा प्रश्न असा: लग्नाला सहा वर्षं झालीत, सांगलीत विश्रामबागला सासू-सासऱ्यांसोबत राहता. भांडण झालं की नवरा गाडी काढून निघून जातो आणि तुम्ही फोनवर फोन करत राहता. एका समुपदेशकानं ईएफटी सुचवली, दुसऱ्यानं सीबीटी. काय निवडायचं?

मी सांगलीतच जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते. तुमच्यासाठी मी ईएफटी म्हणेन.

ईएफटी म्हणजे इमोशनली फोकस्ड थेरपी. कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात ती मांडली, पुढे जॉन्सन यांनी तिला ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या ॲटॅचमेंट थिअरीचा, म्हणजे जिव्हाळ्याच्या बंधाच्या सिद्धांताचा, पाया दिला. अडचणीत आपलं माणूस आपल्याजवळ असेल, ही खात्री मोठ्यांनाही लागते. ती डळमळली की एक जण मागं लागतो, दुसरा गप्प होतो नाहीतर निघून जातो, आणि एकाच्या वागण्यानं दुसऱ्याचं वाढत जातं. तुमच्याकडं नेमकं हेच चाललंय.

तासगाव भागातली जोडपी येतात तेव्हा वाद फवारणीच्या खर्चाचा नाहीतर उसनवारीचा असतो. अवकाळीनं बाग गेली की तो बोलणंच बंद करतो, ती हिशेब विचारत राहते. हळूहळू उलगडतं, की त्याला वाटत असतं, ‘मी हिच्या नजरेतून उतरलो’ आणि तिला, ‘संकटात यानं मला परकं केलं’. हे एकदा समोरासमोर बोललं गेलं की हिशेबही शांतपणे होतो.

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. तिच्यात आपण लावलेले अर्थ तपासतात: ‘उशिरा आला म्हणजे मुद्दामच’. शिवाय बोलायच्या सवयी आणि घरी करायचा सराव. कामाची वाटणी, पैसे असे ठरावीक वाद असतील तर ती चांगली. भावनांवर बोलायला अवघडणाऱ्या पुरुषांना तीच आधी पटते, असा माझा अनुभव आहे. तुमचे मिस्टर तसे असतील तर तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या पद्धतीचं एक निरीक्षण मी प्रत्येक जोडप्याला सांगते: जोडप्यांचे साधारण ६९ टक्के मतभेद कायमचे असतात. ते मिटवण्यापेक्षा त्यांवर तुच्छतेशिवाय बोलता येणं महत्त्वाचं.

पद्धतीच्या नावावर फार अडू नका. अमेरिकेत १३४ जोडप्यांवर दोन वर्तनाधारित पद्धतींची तुलना झाली. पाच वर्षांनी दोन्हीकडं जवळपास निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा दिसली, फरक किरकोळ होता. म्हणून पहिल्या भेटीत विचारा: जोडप्यांसोबत काम करायचं प्रशिक्षण घेतलंय का? दोघांना वेगवेगळंही भेटता का? आणि बघा, तुमचे मिस्टर त्यांच्यासमोर मोकळे होतात का.

सासू-सासऱ्यांचा प्रश्न यातली कुठलीच थेरपी आपोआप सोडवत नाही. दोघांचे निर्णय कुठले आणि घराचे कुठले, हे सेशनमध्ये मुद्दाम काढा.

मात्र मारहाण, धमक्या, पैसे अडवणं असं काही असेल तर एकत्र थेरपी नको. तिथं खरं बोलल्याची शिक्षा घरी मिळते. आधी महिला हेल्पलाइन १८१. मन फार खचलं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६; मराठीतून बोलता येतं.

सेशन ऑनलाइन घेणार असाल तर घरातून घेऊ नका. शेजारच्या खोलीत सासूबाई असताना दोघंही मोकळं बोलणार नाही. बहिणीचं किंवा मैत्रिणीचं घर तासभर मागून घ्या.