चाल आधी की ध्वनी?

प्रश्न : मी काही महिन्यांपासून संगणकावर संगीतरचना करत आहे. सूर आणि लय अचूक असूनही माझे ध्वनी निर्जीव वाटतात. इलेक्ट्रॉनिक संगीताचा रचनाकार आधी चाल बांधतो की ध्वनी घडवतो?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘अचूक’ हा शब्दच बहुधा दुखण्याचे मूळ आहे. अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत संगणकाकडून संगीत वाजवून घेतले, तेव्हा कोणताही ध्वनी आकड्यांतून निर्माण करता येईल हे तत्त्वतः सिद्ध झाले. कोणते आकडे लिहावेत, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच संस्थेत फ्रेंच संगीतकार ज्याँ-क्लोद रिसे यांनी १९६०च्या दशकात ट्रंपेटच्या स्वराचे पृथक्करण केले. उपस्वरांचे (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांचे) ठरावीक प्रमाण जुळवून ट्रंपेटचा आवाज येत नव्हता, कारण खऱ्या वाद्यात वरचे उपस्वर किंचित उशिरा उमटतात आणि स्वर जोरकस होईल तसतसे त्यांचे प्रमाण वाढत जाते. नादाची जात, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो गुण, स्थिर नसते, ती क्षणाक्षणाला घडत असते.

अमेरिकन संगीतकार जॉन चाउनिंग यांचा प्रयोग तर घरी करून पाहण्यासारखा आहे. काही शुद्ध उपस्वर एकत्र वाजवले, तर कानाला यांत्रिक गुणगुण ऐकू येते. पण त्या सर्वांना एकाच वेळी एकसारखे सूक्ष्म आंदोलन (सुराचे किंचित वरखाली हलणे) दिले की ते एकजीव होतात आणि अचानक कोणी गात असल्याचा भास होतो. आपण एकच तीन सेकंदांचा स्वर घ्यावा, त्याच्या सहा-सात उपस्वरांना जोराच्या चढउताराची स्वतंत्र रेषा द्यावी आणि मग हे आंदोलन मिसळावे. (निर्जीव ध्वनीवर प्रतिध्वनीचा मुलामा चढवण्याचा मोह टाळावा, त्याने दोष झाकला जातो, जात नाही.)

आता आधी काय, हा प्रश्न. चाउनिंग यांच्या ‘स्त्रिआ’ या १९७७ मधील रचनेत सुमारे १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर ध्वनीच्या अंतर्रचनेतही आहे आणि सप्तकाच्या दुपटीऐवजी (वरच्या सप्तकातील तोच स्वर दुप्पट कंपनांचा असतो) स्वरांतरे ठरवायलाही तेच वापरले आहे, त्यामुळे तिथे चाल आणि ध्वनी वेगळे काढताच येत नाहीत. प्रत्येकाने असे गणित मांडावे असे नाही, परंतु तयार ध्वनी निवडून त्यावर चाल बसवण्यापेक्षा, घडवलेल्या त्या एका स्वराला कोणता दुसरा स्वर शोभतो हे कानाने शोधणे मला अधिक फलदायी वाटते.