सातपुड्यात घडणारी विज्ञानाधिष्ठित थरारक कादंबरी लिहिता येईल का?

जंगल, मोहीम आणि खरे विज्ञान यांवर उभी राहणारी कादंबरी खानदेशात घडवता येईल का, असे आपण विचारले आहे. निश्चितच येईल, कारण तिचे कथाबीज शहाद्याजवळच्या जंगलातच आहे. फॉरेस्ट आउलेट म्हणून ओळखला जाणारा रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, १८८४ नंतर खात्रीलायकरीत्या नोंदला गेला नव्हता आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जात होते. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला या पक्ष्याचा नमुना प्रत्यक्षात पक्षी-संग्राहक जेम्स डेव्हिडसन यांनी पूर्वी जमवलेला आणि संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, हे पुढे उघड झाले. त्या खोट्या नोंदीमुळे शोधाची दिशाच भरकटली होती. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळलेल्या अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला.

माझ्या मते येथे काल्पनिक श्वापदाची गरजच नाही. संग्रहालयातील गुन्हा आणि सागाच्या रानातील शोध, हे दोन धागे पुरेसे आहेत. मात्र पावरा आणि भिल्ल या स्थानिक आदिवासी समाजांतील पात्रांना केवळ ओझेवाले करू नका, त्यांच्या रानाच्या ज्ञानाने कथानकाला वळण मिळू द्या.