सेक्शन कापणारा हात आणि हायडेलबर्गची नोकरी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीएमएलटी (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा), मग शिवाजी विद्यापीठाची मायक्रोबायॉलॉजीतली एमएस्सी, सांगलीत रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजीत (टिश्यू म्हणजे ऊती तपासणाऱ्या विभागात) काही वर्षं टिश्यूचे मेणातले ब्लॉक, त्यांचे पातळ काप म्हणजे सेक्शन, आणि ते रंगवणं म्हणजे स्टेनिंग. आता जर्मनीत, जमल्यास हायडेलबर्गला, संशोधनातल्या टिश्यू आणि मायक्रोस्कोपीच्या कामावर यायचंय. जमेल का, जर्मन किती लागेल, आणि येण्याआधी कॉन्फोकलचा (लेझरने थराथराने चित्र घेणाऱ्या मायक्रोस्कोपचा) कोर्स करावा का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. कॉन्फोकलच्या कोर्सवर पैसे घालू नका. इथे हायडेलबर्गला पीएचडीचा प्रत्येक विद्यार्थी इमेजिंग सुविधेत प्रशिक्षण घेतो आणि मग तासाच्या दराने मशीन बुक करून स्वतःच बसतो. मशीन चालवणारे भरपूर आहेत. चुणी न पडलेला, चाकूच्या रेघा नसलेला सेक्शन देणारे कमी आहेत. मी अशाच एका सुविधेत काम करते. ‘लेन्स बिघडलीय, चित्र धूसर येतंय’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी स्लाइड मागते, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. कधी फिक्सेशन अर्धवट, कधी कव्हरस्लिप (सेक्शनवर ठेवायची पातळ काच) चुकीची. चांगली ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची लेन्स) ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी घडवलेली असते. आपल्याकडे हाताला येईल ती कव्हरस्लिप लावतात, एच अँड ई या नेहमीच्या रंगवण्याला ते चालूनही जातं, इथे नाही चालत.

आता मूळ मुद्दा, आणि तो अर्ज करायच्या आधीच ठरवायला हवा: रुग्णालय की संशोधन? दोन्हीकडे मायक्रोटोम (सेक्शन कापायचं यंत्र) तोच, पण कायदा वेगळा. रुग्णाच्या निदानासाठी होणारं लॅबचं काम जर्मनीत परवानाधारक तंत्रज्ञांसाठी राखीव आहे. त्यांना आता एमटीएल म्हणतात, नवा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. तिथे शिरायचं तर आपल्या डिप्लोमाला त्या-त्या राज्याची मान्यता मिळवावी लागते, वर बी-२ पातळीची जर्मन. डीएमएलटी आणि त्यांचं तीन वर्षांचं प्रशिक्षण यांत अंतर निघालं की भरपाईचा अभ्यास किंवा परीक्षा. संशोधनात हे काहीच नाही. उंदराच्या मेंदूचा सेक्शन कापायला परवाना लागत नाही, तिथे एमएस्सी आणि हातातलं काम बघतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: संशोधनातून या. रुग्णालयाचा विचार इथे येऊन, भाषा आल्यावर करता येतो.

पण काम तेच आहे असं समजून येऊ नका. तुमच्याकडे सगळं फॉर्मॅलिनमध्ये येतं आणि पॅराफिनमध्ये (मेणात) जातं. इथे बऱ्याच उंदरांच्या पेशींत जीएफपीसारखं चमकणारं प्रथिन घातलेलं असतं. अल्कोहोल आणि झायलीनमधून नेलं की ती चमक बहुतेक मरते. म्हणून टिश्यू ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स करायचा, तेही पावडरपासून ताजं बनवलेलं, मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात बुडेपर्यंत ठेवायचा, ओसीटीमध्ये (गोठवण्यासाठीच्या जेलसारख्या माध्यमात) गोठवायचा आणि क्रायोस्टॅटवर (थंड पेटीतल्या मायक्रोटोमवर) कापायचा. तुमचं ऑपरेशन चालू असतानाचं फ्रोझन सेक्शन घाईचं आणि फिक्स न केलेलं असतं. यंत्र तेच, पण इथे घाई नसते आणि पन्नासावा सेक्शनही पहिल्यासारखाच लागतो. जाडीही बदलते. तुमचे ३-४ मायक्रॉन, इथे क्रायोस्टॅटवर १० ते २०, व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याच्या यंत्रावर) ५० ते १००, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवाल्यांकडे साधारण ७० नॅनोमीटर.

दुसरी अडचण मार्करची. रुग्णालयातल्या आयएचसीच्या (अँटिबॉडी लावून ठरावीक प्रथिन रंगवण्याच्या) बऱ्याच प्राथमिक अँटिबॉडी उंदरात बनवलेल्या असतात. मानवी टिश्यूवर काही बिघडत नाही. उंदराच्याच टिश्यूवर त्या टाकल्या, तर दुय्यम अँटिबॉडी (प्राथमिकला पकडून रंग आणणारी) टिश्यूतल्या मूळच्या अँटिबॉडींनाही चिकटते आणि सगळी स्लाइड तपकिरी. उपाय आहेत: सशात बनवलेली अँटिबॉडी घ्या किंवा त्यासाठीचं वेगळं ब्लॉकिंग करा. मुलाखतीत हे विचारतात, आणि इथेच रुग्णालयातून आलेले अडखळतात. हाडाच्या डिकॅलचंही (त्यातलं कॅल्शियम काढण्याचंही) तसंच. रिपोर्ट लवकर हवा म्हणून तुम्ही ॲसिड वापरता, इथे आरएनए किंवा अँटिजेन वाचवायचं म्हणून ईडीटीए या सौम्य, सावकाश काम करणाऱ्या रसायनात आठवडे घालवतात.

तुमची जमेची बाजू मात्र मोठी आहे. एका दिवसात ढीगभर ब्लॉक कापणारा हात इथल्या विद्यापीठात क्वचितच असतो. शिवाय काही ठिकाणी तुमचं काम जवळपास जसंच्या तसं आहे. हायडेलबर्गच्या पॅथॉलॉजी संस्थेत एनसीटी या कर्करोग केंद्राची टिश्यू बँक आहे, ती संशोधकांना मानवी टिश्यू आणि सेक्शन पुरवते. अशा जागा आधी पाहा. बाकी गावात सुविधांची रेलचेल आहे: विद्यापीठाचं निकॉन इमेजिंग सेंटर आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची सुविधा, कर्करोग संशोधनाचं डीकेएफझेड, आणि डोंगरावर ईएमबीएल ही युरोपीय जीवशास्त्र प्रयोगशाळा, जिथे २०२२ साली बाहेरच्या संशोधकांनाही खुलं असलेलं इमेजिंग सेंटर सुरू झालं. स्टेफान हेल यांची पीएचडीही इथलीच, त्यांना मायक्रोस्कोपीतल्या कामासाठी २०१४चं नोबेल मिळालं. आणि ज्या फॉर्मॅलिनने आपले डोळे चुरचुरतात, त्याचा फिक्सेशनसाठी उपयोग फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ साली जवळच्याच फ्रँकफुर्टमध्ये दाखवला! त्यांची स्वतःची बोटं त्यात कडक झाली, त्यावरून त्यांना ते सुचलं असं सांगतात.

त्या फॉर्मॅलिनबद्दल इथे कडक आहेत. युरोपात ते कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे, हवेतली मर्यादा ०.३ पीपीएम. ग्रॉसिंगसाठी (आलेला टिश्यू बघून त्याचे तुकडे करण्यासाठी) खाली हवा ओढणारं टेबल, बाकी सगळं हूडमध्ये. गरोदरपणी असल्या रसायनांपासून तुम्हाला दूर ठेवणं मालकावर बंधनकारक आहे आणि त्या काळात नोकरीलाही संरक्षण आहे. लग्नाचं लिहिलंत म्हणून सांगितलं.

पगार विद्यापीठात टीव्ही-एल नावाच्या जाहीर वेतनश्रेणीतून ठरतो. तंत्रज्ञाची जागा बरेचदा ई-९ च्या आसपास, शास्त्रज्ञाची ई-१३. आकडे दरवर्षी हलतात, म्हणून चालू तक्ता स्वतः बघा. एकट्या माणसाच्या हातात कर आणि विमे जाऊन दोन तृतीयांशाच्या आसपास पडतात. वर्षाला ३० दिवस रजा. महत्त्वाचं म्हणजे त्या श्रेणीत अनुभवाच्या पायऱ्या असतात आणि सांगलीतली वर्षं त्यात धरायची की नाही ते सही करण्याआधी बोलायचं असतं. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही. त्यासाठी अनुभवाच्या दाखल्यात ‘लॅब टेक्निशियन’ एवढंच नको. ग्रॉसिंगला मदत, प्रोसेसर, मायक्रोटोमी, स्पेशल स्टेन, आयएचसी असं कामवार लिहून घ्या, पूर्णवेळ होतं हेही. जागा बहुतेक मुदतीच्या असतात, प्रकल्पाचा पैसा संपला की संपतात. घरदार विकून यायची ही नोकरी नव्हे.

व्हिसासाठी आनाबिन या सरकारी यादीत तुमचं विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदलीय ते आजच तपासा. पदवी तिथे सापडली नाही तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून समकक्षतेचं पत्र घ्यावं लागेल, आणि त्यात वेळ जातो. जाहिराती शोधताना ‘बीटीए’ (जीवशास्त्राचा तंत्रज्ञ) आणि ‘एमटीए’ (वैद्यकीय तंत्रज्ञाचं जुनं नाव) हे दोन्ही शब्द टाका, ‘किंवा तत्सम पात्रता’ असं लिहिलेलं असेल तिथे अर्ज करा.

जर्मन: लॅबमध्ये इंग्रजी चालतं. पण सुरक्षेचं वार्षिक प्रशिक्षण, कचऱ्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, मशीन दुरुस्तीला येणारा माणूस आणि घरमालक, हे सगळं जर्मनमध्ये. बी-१ (बी-२ च्या एक पायरी खालची पातळी) करून या. घर मिळणं हीच हायडेलबर्गची खरी परीक्षा आहे. एप्पेलहाइम, लाइमेन, मानहाइम इथेही शोधा, ट्राम आणि लोकल आहेत.

तोवर करण्यासारखं म्हणजे फिजी आणि क्यूपाथ ही दोन मोफत सॉफ्टवेअर. संगणकावर टाका आणि एखाद्या आयएचसी स्लाइडच्या फोटोवर पॉझिटिव्ह पेशी मोजायला शिका. अर्जासोबत स्वतः कापलेल्या सेक्शनचे चार चांगले फोटो जोडा, स्केल बारसकट, रुग्णाचा नंबर किंवा नाव कुठेही दिसू न देता आणि विभागप्रमुखांची परवानगी घेऊन.

तुमच्या विभागात क्रायोस्टॅट आहे का, आणि त्यावर तुमचा हात किती बसलाय, ते लिहाल का? नसेल, तर यायच्या आधी पुण्याच्या एखाद्या संशोधन संस्थेत महिनाभर तरी त्यावर बसता येतंय का बघा. त्यावरून कुठल्या जागांना अर्ज करावा ते सांगते.