मॉर्फिनच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हळूहळू सवय होईल का?
नाही हो, याची सवय होत नाही. मळमळ, गुंगी साधारण आठवड्याभरात कमी होते, पण ज्या म्यू रिसेप्टरवर (पेशींवरची औषध चिकटायची जागा) बसून मॉर्फिन मेंदूत दुखणं दाबतं तेच रिसेप्टर आतड्यातही असतात, तिथे हालचाल मंदावते, पाणी जास्त शोषलं जातं आणि शी खड्यासारखी कडक होते. म्हणून डॉक्टरांकडून सेन्ना किंवा बिसाकोडिलसारखं रेचक पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्यायचं, नुसत्या इसबगोलाने कधीकधी उलट जास्त अडकतं.

आणि प्लीज, सोबत दारू नको, झोपेची गोळी मनाने घेऊ नका. पेशंट हलवूनही उठत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अगदी हळू, थांबून थांबून, असं दिसलं तर वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने मॉर्फिन जास्त झाल्याचा हा परिणाम उतरवता येतो.