पावती कव्हरच्या आत होती

"माझे यजमान दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. १९७८ साली, पंधराव्या वर्षी, मामांबरोबर धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' ऐकली, तेव्हापासून त्यांना जॅझचे वेड आहे. मुलगा बंगळुरूला गेल्यावर त्याची खोली रेकॉर्डींनी भरली. आता आठशेच्या घरात असतील. लहानपणी ते नागपाड्याला बास्केटबॉल खेळत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून हिवाळाभर सकाळी सहाला टीव्हीवर अमेरिकेतले सामने लावतात आणि माझी झोपमोड होते. गेल्या महिन्यात खोली झाडताना एका रेकॉर्डच्या कव्हरमध्ये पावती सापडली. मला दीड हजार सांगितले होते, पावती साडेआठ हजारांची निघाली. मी अजून काही बोललेले नाही. पण मनात सलते ते वेगळेच. कुणा बिली हॉलिडे नावाच्या बाईंचा जुना कृष्णधवल कार्यक्रम टीव्हीवर पाहताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. माझी आई गेली तेव्हा हाच माणूस कोरड्या डोळ्यांनी उभा होता. मला सी. रामचंद्रांची गाणी आवडतात, तर त्यांना ती 'सिनेमातली' वाटतात. 'रेकॉर्डी तरी ठेवा, नाहीतर मला,' असे एकदा निक्षून सांगावे का?"
— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

प्रिय ताई,

असे सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर तुम्हाला सोसवणार नाही. ते चिडून 'रेकॉर्डी' म्हणाले तर तुम्ही मोडून पडाल, आणि निमूटपणे सगळ्या विकून आले तर ती खोली कोणी रिकामी करवली हे तुम्हा दोघांनाही रोज आठवत राहील. तुमच्या पत्रात चार गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या आहेत. ते गाठोडे आधी सोडू या, कारण त्यांतल्या दोन सहज सुटण्याजोग्या आहेत, एक गंभीर आहे, आणि चौथी तक्रार नसून दुःख आहे.

सामन्यांचे आधी सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात, त्यामुळे वेळ त्यांच्या हातात नाही. आवाज मात्र आहे. टीव्हीला जोडता येणारे बिनतारी हेडफोन त्यांनी आणावेत, आणि ते मागताना तुम्ही संकोच करू नये. झोप ही काही चैन नव्हे.

खोलीचेही तसेच. कव्हरसकट एक रेकॉर्ड पाव किलोची धरली तरी आठशे रेकॉर्डींचे वजन दोनशे किलो होते, आणि त्या आडव्या रचून चालत नाहीत, उभ्याच ठेवाव्या लागतात, नाहीतर वाकतात. ठाण्याच्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते ती वेगळीच. तेव्हा एका भिंतीला मजबूत कपाट करून घ्यावे, त्यात मावेल तेवढाच संग्रह ठेवावा, मुलाची खाट मोकळी करावी आणि झाडपूस ज्याची आवड त्यानेच करावी, एवढे स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता पावतीकडे येते, पण त्याआधी एक खरी गोष्ट सांगते, जी तुमच्या यजमानांना बहुधा ठाऊक असेल. करीम अब्दुल-जब्बार हे अमेरिकेतले फार मोठे बास्केटबॉलपटू. कारकिर्दीत ३८,३८७ गुण मिळवण्याचा त्यांचा विक्रम २०२३ पर्यंत कोणाला मोडता आला नव्हता. त्यांचे वडील पोलीस खात्यात होते आणि ट्रॉम्बोन वाजवत, त्यामुळे जॅझ त्यांना घरातच मिळाले. १९८३ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमधले त्यांचे घर आगीत जळाले आणि त्यात सुमारे तीन हजार जॅझ रेकॉर्डींचा संग्रह नष्ट झाला. त्यानंतर त्यांचे चाहते त्यांना जॅझच्या रेकॉर्डी आणून देऊ लागले, कुणी पाठवू लागले. सामने पाहायला येणाऱ्या साध्या माणसांना या खेळाडूचे नेमके काय हरवले आहे हे कळले होते. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांचे हे प्रेम साऱ्या गावाला ठाऊक होते, म्हणूनच लोक ते भरून देण्यासाठी धावले. तुमच्या घरी मात्र रेकॉर्ड खोटी किंमत सांगून आत येते. ज्या बाईने पस्तीस वर्षे संसार केला तिलाच हे प्रेम चोरून भेटावे, हे बरोबर नाही.

साडेआठ हजार रुपये तुमच्या दोघांच्या पेन्शनला झेपतात की नाही, ते हिशेबाने ठरेल. सात हजारांचे खोटे ही हिशेबाची बाब नाही, आणि यात चूक त्यांची आहे, हे मी आडपडदा न ठेवता लिहिते. ते का खोटे बोलले असतील याचा तर्क मी करू शकते, आणि प्रगतिपुस्तक लपवणारी मुले आयुष्यभर हाताळलेल्या तुम्हीही करू शकता: एकदा कधीतरी किंमत ऐकून तुमचा चेहरा उतरला असेल, आणि तो पुन्हा पाहावा लागू नये म्हणून त्यांनी सोपी वाट धरली असेल. कारण समजून घ्यावे, पण म्हणून खोटे पदरात घालू नये. दुपारचा चहा झाल्यावर, घरात तिसरे कोणी नसताना, पावती टेबलावर ठेवा आणि एवढेच म्हणा, की "रकमेचे मला इतके वाटले नाही, पण मला खरे सांगावेसे तुम्हाला वाटले नाही याचे फार वाईट वाटले." त्यापुढे त्यांना बोलू द्या. मुलाला यात ओढू नका. नंतर दोघांनी बसून दरमहा स्वतःच्या आवडीसाठी किती खर्चायचे ते ठरवा, आणि तेवढीच रक्कम तुमच्याही आवडीसाठी बाजूला काढा. इतक्या वर्षांत तुमच्यासाठी अशी रक्कम कोणी काढली असेल असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आणि आता त्या गाणाऱ्या बाईंबद्दल. तुमच्या यजमानांचे डोळे भरून येतात तो कार्यक्रम बहुधा ८ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवरून थेट प्रक्षेपित झालेला असावा. स्टुडिओत वादकांचा घोळका आहे, मधोमध उंच स्टुलावर बिली हॉलिडे बसल्या आहेत, आणि एकेक सॅक्सोफोनवादक पुढे येऊन वाजवतो आहे. त्यांत लेस्टर यंग आहेत. तरुणपणी या दोघांचा जिवाभावाचा स्नेह होता. 'लेडी डे' हे नाव बिलीबाईंना त्यांनीच दिले आणि त्यांना बाई 'प्रेझ' म्हणत. पुढे दुरावा आला. १९५७ पर्यंत यंग फार खचले होते. त्यांची पाळी येते तेव्हा ते मोजकेच, अगदी थोडे स्वर वाजवतात, आणि कॅमेरा बाईंच्या चेहऱ्यावर जातो. त्या त्यांच्याकडे बघतात, ओठांवर हसू येते, मान हलते, प्रत्येक सूर ओळखीचा असल्यासारखी. पुढचे त्या दोघांना माहीत नव्हते, पण तुमच्या यजमानांना माहीत आहे: १५ मार्च १९५९ रोजी यंग गेले आणि त्याच वर्षी १७ जुलैला बिली हॉलिडेही गेल्या.

ताई, त्या बाई तुमच्या सवत नाहीत. जो माणूस असे काही पाहून रडतो त्याच्या ठायी ओलावा आहे, एवढे तरी नक्की. आईच्या वेळी तो तुमच्यापर्यंत का पोहोचला नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. घरात मृत्यू झाला की जावयाने डॉक्टर, दाखला, वैकुंठरथ, नातेवाइकांचे फोन सांभाळायचे असतात आणि ते सांभाळणाऱ्याला रडायला जागाच उरत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तसेच झाले असेल असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच. म्हणून हे तुम्ही त्यांनाच विचारा. पुढच्या वेळी तो कार्यक्रम लागला की स्वयंपाकघरात जाऊ नका, शेजारी बसा. संपल्यावर विचारा, की हे पाहताना तुम्हाला कोण आठवते? मामा आठवत असतील, कदाचित तुमची आईसुद्धा. उत्तर काहीही आले तरी तुमच्या मनातले वाक्य, 'आई गेली तेव्हा मला तुम्ही हवे होतात,' ते त्याच दिवशी बोला.

'सिनेमातली गाणी' या शेऱ्याचे उत्तर मात्र मी तुमच्या हाती देते. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदातही वाजवत. त्यांच्यातले नावाजलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, हे 'अलबेला'साठी १९५१ साली सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. ज्या संगीतासाठी तुमचे यजमान न्यूयॉर्कच्या रेकॉर्डी धुंडाळतात, त्याचाच एक झरा तुमच्या आवडत्या चितळकरांच्या गाण्यांतून वाहतो आहे. एका रविवारी त्यांच्याच रेकॉर्ड प्लेअरवर तुमची 'अलबेला'ची रेकॉर्ड लावा, हवी तर तुमच्या नव्या रकमेतून विकत आणा, आणि ट्रम्पेट कोणाचे ते त्यांना ओळखायला सांगा. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे लागतात. मग तेवढाच वेळ त्यांच्या आवडीची एक बाजू ऐका. न आवडल्यास तसे सांगा. जॅझ आवडलेच पाहिजे असे मुळीच नाही. आणि संध्याकाळी नागपाड्याला सामना असेल तर त्यांना घेऊन जा. खुर्चीतून पाहण्यापेक्षा जुन्या मैदानाच्या कडेला उभे राहिलेले त्यांना जास्त मानवेल, आणि ते मैदान तुम्ही कधी पाहिलेही नसेल.

फक्त क्रम बदलू नका. पावती आधी, गाणी नंतर. मनात साडेआठ हजारांचा कागद दडवून तुम्ही त्यांच्या शेजारी ऐकायला बसलात, तर लपवणारी माणसे घरात दोन होतील.