थारसाठी विंच: बारा हजार पौंडांच्या आकड्यावर जाऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझेल थार आहे, राहता पुण्यात. पावसाळ्यात वेल्हे, मुळशी, ताम्हिणी बाजूला फिरता, अधूनमधून दापोलीकडच्या शेतावर जाता, आणि बरेचदा सोबत दुसरी गाडी नसते. ऑनलाइन एक १२,००० पौंडांच्या जोराची विंच (दोर गुंडाळत अडकलेली गाडी बाहेर ओढणारं मोटरचं यंत्र) ९,५०० पौंडवाल्यांपेक्षा स्वस्तात दिसते आहे, ती घ्यावी का? बजेट सगळं धरून साठ हजार.

घेऊ नका. ९,५०० पौंडांची घ्या, आणि साठातले निदान वीस हजार विंचसाठी नाही तर तिच्या सोबतच्या सामानासाठी बाजूला काढा. त्यातही एक चांगली कप्पी आधी घ्या. का, ते हिशेबानेच सांगतो, कारण दुकानदार हा हिशेब कधी मांडून दाखवत नाहीत.

तुमची थार रिकामी पावणेदोन टनांच्या आसपास. माणसं, डिझेल, सामान, विंच आणि ती बसवायची प्लेट धरली की सव्वादोन टनांच्या जवळ जाते. लोक गाडीच्या भरल्या वजनाची दीडपट करून विंच निवडतात. तुमच्या बाबतीत ती ३.३ टन येते, म्हणजे साधारण ७,३०० पौंड. त्यामुळे ९,५०० पौंडांच्या (४,३०० किलो) विंचमध्ये हातात राखीव जोर राहतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पुढचं मात्र फार कमी लोक बघतात. खोक्यावरचा आकडा, दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे दोर जवळजवळ सगळा बाहेर सोडलेला असताना मिळणारा जोर. या वर्गातल्या विंचवर पंचवीस-अठ्ठावीस मीटर दोर असतो आणि तो ड्रमवर साधारण चार थरांत बसतो. दोर जितका ड्रमवर शिल्लक, तितका ड्रम जाड, आणि तितका जोर कमी. सगळ्यात वरच्या थरावर तो पहिल्या थराच्या साठ टक्क्यांवर येतो. आता समजा तुम्ही चिखलात बसलात आणि समोरचं झाड आठ मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही अजून चौथ्या थरावरच आहात. ४,३०० किलोची विंच तिथे ओढणार जेमतेम अडीच टन.

गाडी चाकांच्या मध्यापर्यंत चिखलात बसली असेल तर तो चिखल जवळपास गाडीच्या वजनाइतका विरोध करतो. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, म्हणजे तुमच्यासाठी साडेचार टन. अडीच टनांत ती हलायची नाही. १२,००० पौंडांची विंच असती तरी? तिचा पहिल्या थराचा जोर ५,४०० किलो, चौथ्या थरावर सव्वातीन टन. म्हणजे तीही अडकली.

आता तीच ९,५०० ची विंच आणि एक कप्पी. दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला (ओढण्यासाठी चॅसीला असलेल्या कडीला) लावायचा. दोर आठऐवजी सोळा मीटर सुटला, म्हणजे चौथा थर उलगडून तुम्ही तिसऱ्याच्या शेवटाला आलात. त्यामुळे जोर आधीच वाढला, आणि वर कप्पीने तो दुप्पट केला. घर्षण वजा केलं तरी पाच टनांच्या पुढे जाता. गाडी निम्म्या वेगाने सरकते, पण चिखलात तेच हवं असतं. शिवाय तोच विरोध ओढताना मोटरवर निम्मा भार येतो, करंट उतरतो, बॅटरी वाचते. १२,००० ची विंच पुढच्या अॅक्सलवर फुकटचं वजन घालते, जास्त करंट मागते, आणि जे काम एका कप्पीने होतं ते तिला एकटीला जमत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. कप्पी लावली की झाडावर दुप्पट भार येतो. झाडाभोवतीचा पट्टा आणि शॅकल (जोडणीची U आकाराची कडी) त्या भाराचे हवेत, विंचच्या नुसत्या आकड्याचे नाही. पाऊण इंची बो शॅकलवर ४.७५ टन कोरलेलं असतं, ते वाचून घ्या. कोरलेलं नसेल तर हातातही घेऊ नका.

आता स्वस्तातली १२,००० ची ओळखायची कशी. विक्रेत्याकडे थरागणिक जोर आणि करंट यांचा तक्ता मागा. प्रामाणिक कंपनी तो छापतेच. तो नाही, नुसता मोठा आकडा आहे, तर विषय संपला. दुसरं, वजन विचारा. ९,५०० ची विंच स्टीलच्या दोरासह चाळीस किलोच्या आसपास भरते, सिंथेटिक दोर असेल तर तीसच्या आसपास. स्टीलच्या दोरासह १२,००० चा दावा आणि वजन पंचवीस किलो असेल, तर त्यातलं तांबं आणि गिअर कुठे गेले हे विचारायलाच हवं.

मोटर सिरीज-वाउंड घ्या. परमनंट मॅग्नेटची मोटर करंट कमी खाते, पण लवकर तापते, आणि आपल्याकडची ओढाओढ दीड मिनिटात संपणारी नसते. सिरीज-वाउंडचा आणखी एक फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. ती आतून गाडीच्या स्टार्टर मोटरसारखीच असते. भोसरी-चिंचवडकडचा कुठलाही बरा ऑटो इलेक्ट्रिशियन तिचे कार्बन ब्रश बदलून देतो, बेअरिंग बघतो, पाणी शिरलं असेल तर खोलून वाळवतो. स्वस्त विंच भरवशाची होते ती याच वाटेने: आपल्या गावात खोलता येते, आणि तिचा भाग मिळतो. घेण्याआधी विक्रेत्याला फोन करून विचारा की कॉन्टॅक्टर, रिमोट आणि सीलचा सेट सुटा मिळेल का. आणि उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो ते बघा.

कॉन्टॅक्टरवर थोडं थांबतो, कारण विंच बहुधा तिथे दगा देते. मोटरला जाणारा करंट जोडायचं-तोडायचं काम त्याचं. पूर्ण भारावर ९,५०० ची विंच चारशे अँपिअरच्या घरात ओढते. बॅटरी थकली, व्होल्टेज उतरलं की कॉन्टॅक्टरचे पॉइंट नीट दाबले जात नाहीत, ठिणग्या उडतात आणि पॉइंट एकमेकांना चिकटतात. वेल्ह्याच्या बाजूला एका मित्राच्या गाडीला हे होताना मी जवळून पाहिलं आहे. गाडी बाहेर आली, त्याने रिमोटचं बटण सोडलं, आणि विंच चालूच राहिली. रिमोटची वायर उपटली तरी दोर आत येतोय. शॅकल फेअरलीडवर, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो त्या चौकटीवर, येऊन टेकला, अॅल्युमिनियममध्ये रुतायला लागला, प्लेट कण्हायला लागली. बॅटरीजवळ आयसोलेटर स्विच होता म्हणून तो फिरवून करंट तोडता आला. नसता, तर पान्याने टर्मिनल सोडवेपर्यंत काहीतरी तुटलंच असतं. आयसोलेटर काही शेकड्यांची वस्तू आहे. तो बॉनेट उघडताच हात जाईल असा बसवा आणि ओढून झालं की दर वेळी बंद करा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. अर्थिंग चॅसीला नाही, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. केबल विंचसोबत आलेलीच वापरा. लांबवायची वेळ आली तर तितकीच जाड किंवा त्याहून जाड घ्या. ओढताना इंजिन चालू, आरपीएम दीड हजारांच्या आसपास. मिनिटभर ओढा, थांबा, मोटरला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर चहा प्यायला वेळ आहे असं समजा.

दोर सिंथेटिक घ्या. स्टीलचा दोर घासायला चिवट असतो, हे खरं. पण ताणलेला स्टीलचा दोर तुटला तर तो माणूस कापतो, आणि आपल्याकडे विंच चालू झाली की पाच मिनिटांत वाडीवरची पोरंटोरं जमतात. सिंथेटिक तुटला तर त्यात तेवढी उसळी नसते. त्याची पथ्यं मात्र पाळावी लागतात. काळ्या दगडाच्या धारेवरून ओढू नका, मध्ये पोतं किंवा जुना फ्लोअर मॅट टाका. जांभ्याची लाल माती धाग्यांत शिरून आतून कापते, म्हणून ट्रिपनंतर पूर्ण दोर सोडून साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. ड्रमवर आठ-दहा वेढे नेहमी शिल्लक ठेवा, नाहीतर टोक निसटतं. या दोराला रोलर फेअरलीड नको, गुळगुळीत हॉस फेअरलीड लागतो. जुन्या स्टीलच्या दोराने ओरखडलेला फेअरलीड नव्या दोरासाठी अजिबात वापरू नका. आणि ज्या विंचच्या दोराच्या ड्रममध्येच ब्रेक असतो तिच्यावर भार धरून दोर फार वेळ बाहेर सोडत राहू नका. ब्रेक तापतो आणि त्याला चिकटलेले वेढे त्या उष्णतेने खराब होतात.

सोबतचं सामान: झाडाचा रुंद पट्टा, कप्पी, दोन शॅकल, चामड्याचे हातमोजे, दोरावर टाकायला डँपर (दोर तुटला तर उसळी अडवणारं जड आच्छादन). डँपर नसेल तर ओलं जड पोतंही चालतं, पण टाकाच. दोर ताणलेला असताना त्यावरून कोणी ओलांडायचं नाही. बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर उभं करायचं, आणि त्यासाठी एक माणूस वेगळा नेमायचा. तुम्ही एकटे असाल तर जमलेल्यांतल्या वयस्कर माणसाला विनंती करा, "काका, पोरांना जरा लांब ठेवा". ते काम ती माणसं मनापासून करतात.

बांधायचं कशाला, हाही प्रश्न येणारच. ऐन, जांभूळ, जुना आंबा, जिवंत आणि जाड खोड, पट्टा अगदी बुंध्याशी. पांगारा आणि शेवगा ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विजेचा खांब आणि मोरीचा कठडा कधीच नाही. भर पावसात उताराच्या कडेचं झाडही मुळासकट सुटू शकतं. किनाऱ्याच्या वाळूत झाड नसतं, तिथे स्टेपनी खोल आडवी पुरून तिला बांधता येतं. तासभर खणायची तयारी हवी. कोकणातल्या कातळसड्यावर तर काहीच नसतं, पण तिथे गाडी घालूच नये. त्या कातळावरच्या पातळ मातीत पावसाळी फुलांची जी दुनिया असते ती एका टायरच्या खुणेने वर्षानुवर्षांसाठी जाते.

बसवण्याबद्दल. मोठा लोखंडी बंपर लावायचा विचार असेल तर सोडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. त्याशिवाय पुढचं लोखंड एअरबॅगच्या हिशेबात गडबड करतं. कंपनीच्या बंपरमागे चॅसीला बोल्ट होणारी लपलेली प्लेट मिळते, ती घ्या. वेल्डिंग नको, ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरा. विंचच्या पायांची भोकं या वर्गात बहुतेक सगळ्या कंपन्यांची सारखीच, २५४ बाय ११४.३ मिलिमीटर असतात, त्यामुळे उद्या विंच बदलली तरी प्लेट तीच राहते. बसवल्यावर रेडिएटरची हवा अडत नाही ना ते बघा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पैसे तरीही कमी पडत असतील तर हाताने चालवायचं टिरफॉर मशीन बघा, खाणीत आणि लाइनच्या ठेकेदारांकडे असतं ते. ३.२ टनांचं थारला पुरतं, कप्पी त्यालाही लागते, बॅटरी लागत नाही, आणि गाडी मागेही ओढता येते, जे पुढे बसवलेल्या विंचला सहज जमत नाही. घाम भरपूर निघतो आणि ते डिकीत जागा खातं. मित्रांसोबतच जायला लागलात, तर विंचआधी कायनेटिक दोर (दुसऱ्या गाडीने ओढताना ताणला जाणारा लवचिक दोर) आणि टायरची हवा कमी करायचा गेज घ्या, बरीचशी अडचण तिथेच सुटते. पण तुम्ही एकटे जाता, म्हणून मी विंचच म्हणेन.

आणली की पहिल्याच दिवशी मोकळ्या उतारावर ते आठ-दहा वेढे ठेवून बाकी सगळा दोर बाहेर काढा आणि गाडीचंच वजन ओढत ताणून, वेढ्याला वेढा लावून परत गुंडाळा. कारखान्यातून तो सैल येतो, आणि तसाच वापरला तर वरचा थर खालच्यात रुततो. नंतर महिन्यातून एकदा पाच-दहा मीटर आत-बाहेर चालवत जा, विशेषतः दिवाळी ते मे या काळात, कारण आठ महिने बंद राहिलेली विंच जूनच्या पहिल्या चिखलात हटकून रुसते. दापोलीहून परतल्यावर खारी हवा धुऊन काढा आणि टर्मिनलवर ग्रीस लावा. बंपर काढल्यावर चॅसीच्या पुढच्या टोकांचा फोटो इथे टाका, कुठली प्लेट बसेल ते बघून सांगतो.