तिकीट मागितलं की कंडक्टर हसतो

मी अपघाताच्या दाव्यांची कामं करतो. तरी माझ्याकडे बसमधल्या सुट्या पैशांपासून ते पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, भाड्यापर्यंत सगळं येतं, आणि तेच तेच येतं. त्यातल्या काही प्रश्नांना इथे एकदाच उत्तरं देतो.

म्हापशाहून : कंडक्टर दहाचं नाणं घेत नाही. "हें चलना" म्हणतो. ही नाणी बंद झालीत का?

नाही. रुपयाचं चिन्ह असलेली असोत की नसलेली, दहाची सगळी नाणी चालतात. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये तसं जाहीर केलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे फोटो कृपया मला पाठवू नका.

फोंड्याहून : मी रोज खासगी बसने पणजीला नोकरीला जाते. आजवर एकदाही तिकीट मिळालेलं नाही. मागितलं की कंडक्टर हसतो, "तिकीट कित्याक जाय?" (कशाला हवं?) विचारतो, आणि सगळी बस माझ्याकडे बघते. माझा हट्ट चुकीचा आहे का?

हट्ट तुमचा नाही, कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२४ म्हणतं की प्रवाशाजवळ तिकीट किंवा पास हवाच. बसमध्ये चढल्यावर ते घेण्याची सोय असेल तर चढल्याबरोबर पैसे देऊन घ्यायचं. कलम १७८ मध्ये विनातिकीट प्रवाशाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तिकीट न देणाऱ्या कंडक्टरलाही तेवढाच. म्हणजे "मला नको तिकीट, थोडे पैसे कमी घे" म्हणणारा शेजारचा प्रवासीही त्यातून सुटत नाही. शिवाय कलम ७२ प्रमाणे बसला परवाना देतानाच अट घालता येते, की तिकीट द्यायचं आणि घेतलेलं भाडं त्यावर दिसायला हवं.

कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, कंडक्टरकडे मशीन असतं, बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर येते. खासगी बसमधला कंडक्टर बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा धरून, दुसऱ्या हातातली नाणी खुळखुळवत, "फाटीं वच, फाटीं वच" (मागे सरक) करत गर्दीतून सरकत असतो. त्याला तिकीटबुक काढायला फुरसत नाही असं लोक मला समजावतात. फुरसत नाही हे खरं कारण नव्हे. तिकीट दिलं नाही की किती प्रवासी बसले, किती भाडं घेतलं, याचा कुठेच माग राहत नाही. भाडं सरकारच्या अधिसूचनेने ठरतं. तुमच्याकडून पाच रुपये जास्त घेतले, तर ते सिद्ध कशावरून करणार?

आणि आता माझ्या कामाचं. बस कलंडली, प्रवासी जखमी झाले. बसमधल्या प्रवाशांसाठी विमा कलम १४७ खाली मालकाला सक्तीचा आहे, त्यामुळे तिकीट नाही म्हणून दावा बुडत नाही. ही अफवा आधी डोक्यातून काढा. पण विमा कंपनीचा वकील उलटतपासणीला उभा राहिला की विचारतो, "आपण त्याच बसमध्ये होता, याला पुरावा काय?" तिकिटाच्या एका कागदाने मिटलं असतं, त्यासाठी मग साक्षीदार शोधत गावभर हिंडावं लागतं. ज्यांच्या मांडीला मांडी लावून वर्षानुवर्षं प्रवास केला, त्यांतले किती जण कोर्टात यायला तयार होतात ते मी बघितलेलं आहे.

चालत्या बसमध्ये भांडू नका. क्यूआर असेल तर पैसे त्यावर द्या, निदान तारीख आणि वेळेची नोंद राहते. नसेल तर बसचा नंबर, मार्ग, वेळ लिहून ठेवा आणि वाहतूक खात्याकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नव्हे. उत्तर आलंच नाही, तर ती पोच घेऊन जवळच्या वकिलाला भेटा.

वास्कोहून : संध्याकाळची बस प्रवासी कमी असले की कुठ्ठाळीलाच सगळ्यांना उतरवून परत वळते. कधी उलट, भरेपर्यंत स्टँडवरच उभी.

परवाना मार्गासाठी आणि फेऱ्यांसाठी असतो, मालकाच्या सोयीसाठी नाही. वेळापत्रक बसमध्ये आणि थांब्यावर लावण्याची अट परवान्यात घालता येते, आणि अटी मोडल्या तर कलम ८६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पण "नेहमीच असं करतात" या तक्रारीवर कोणी हलणार नाही. तारखा द्या, बसचा नंबर द्या, चार प्रवाशांच्या सह्या घ्या. उरलेल्या अंतराचं भाडं त्याच वेळी परत मागा.

सावंतवाडीहून : आई मडगावला बसमधून उतरत होती. पाय टेकण्याआधीच बस सुटली आणि खुब्याचं हाड मोडलं. मालकाने ऑपरेशनला थोडे पैसे दिले आणि एका कागदावर तिची सही घेतली. चार महिने झाले. घरचे म्हणतात, आई चालायला लागल्यावर बघू. सही केल्यामुळे सगळं संपलं का?

चालायला लागल्यावर नाही, या आठवड्यात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायची अट परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीवरून कोर्टात वाद चालू आहेत, त्यांच्या भरवशावर तुम्ही थांबू नका. माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी "नंतर बघू" या दोन शब्दांतून सुरू होतात.

सहीच्या कागदाने दार बंद होतंच असं नाही. पण त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कोणीही, मीसुद्धा, सांगू शकणार नाही. त्याची प्रत मिळवा. मिळत नसेल तर तसं वकिलाला सांगा.

त्याहून मोठी काळजी मला दुसऱ्याच कागदाची आहे. हॉस्पिटलच्या पहिल्या केसपेपरवर काय लिहिलंय? पोलिसांची कटकट नको म्हणून सोबतचा माणूस, कधी कंडक्टर तर कधी आपलाच भाचा, डॉक्टरांना "पाय घसरून पडली" एवढंच सांगतो. डॉक्टर तेच लिहितात. बस त्या कागदावर येतच नाही, आणि पुढे तोच कागद विरुद्ध बाजू दाखवते. तसं झालं असेल तर लपवू नका, वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आणि पोलिसांत नोंद झाली की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

दाव्यासाठी मडगावलाच खेपा घालायला हव्यात असंही नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो, म्हणजे सिंधुदुर्गात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना ती मदत मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. केसपेपर, एक्सरे, औषधांची बिलं, सगळं एका पिशवीत घालून न्या. निवडत बसू नका.

डिचोलीहून : हॉस्पिटलमध्ये एक गृहस्थ भेटले. म्हणाले, क्लेम मी मिळवून देतो, आता काही देऊ नका, मिळेल त्यातला अर्धा माझा.

कोऱ्या वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला केस चालवायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही केली नसेल तर नशीब समजा. भरपाईत वाटा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि हा गृहस्थ बहुधा वकीलही नसेल. व्हरांड्यात भेटतो त्याला नव्हे, ज्याचं ऑफिस तुम्हाला दाखवता येतं त्याला भेटा. सही झालीच असेल तर तोही कागद घेऊन जा.

पणजीहून : रात्री बस नसते म्हणून पायलट घेते. खरा पायलट ओळखायचा कसा?

पिवळ्या पाटीवर काळे आकडे. पांढऱ्या पाटीची स्वतःची गाडी, किंवा काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची गाडी घेऊन कोणी "चल, सोडतो" म्हणाला तर बसू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा ती पाटीच बघते. भाडं बसण्याआधी ठरवा. हेल्मेट मागा.